“घोड्याचे पाय चोळायला फिजिओ झालीस का?”

पत्र बरंच मोठं होतं, थोडक्यात देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय:

“मी २८ वर्षांची, फिजिओथेरपिस्ट. दादरच्या एका क्लिनिकमध्ये पाच वर्षं नोकरी करते. बाबा रेसकोर्सच्या एका पागेत ३१ वर्षं सईस होते, म्हणजे घोड्यांची देखभाल करायचे, आता रिटायर झालेत. दोन वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरला मी सहज मसाज आणि थोडे व्यायाम सुरू केले, त्याला इतका फरक पडला की आता दर रविवारी चार कुत्री असतात माझ्याकडे. मला हेच करायचंय, कुत्री आणि घोडे. परदेशातला एक ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स बघून ठेवलाय, सहा आठवडे, दीड लाख रुपये. नोकरी सोडायच्या विचारात आहे. माणसांचा कंटाळा आलाय ताई, व्यायाम सांगा, करत नाहीत, आणि वर विचारतात फरक का नाही. प्राणी निदान खोटं बोलत नाहीत. आई म्हणते लग्नानंतर काय ते कर. बाबा एवढंच म्हणाले, ‘घोड्याचे पाय चोळायला तुला फिजिओ केलं का?’ आणि तेव्हापासून या विषयावर बोलतच नाहीत. मध्ये एकदा घोड्याने त्यांना लाथ मारली होती, तीन महिने घरी होते, तरी परत तिथेच कामाला गेले, मग आता मलाच का अडवतात? त्यांना त्यांच्या कामाची लाज वाटते आणि ती ते माझ्यावर काढतायत असं मला वाटतं. बाबांचं ऐकू की मनाचं?”

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या लाथेच्या ओळीवर थांबले. तू ती जाता जाता लिहिलीयस. तीन महिने माणूस घरी होता म्हणजे मार साधा नव्हता, आणि तू स्वतः फिजिओ आहेस, साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर मांडीवर किंवा कमरेवर लाथ घालतं तेव्हा आत काय काय होतं हे तुला मी सांगायला नको. अशा माणसाची मुलगी म्हणते मला घोड्यांपाशी जायचंय, आणि तो रागावून एक वाक्य बोलून गप्प बसतो, तर ती लाज असेल असं तू धरून चाललीयस, मला त्यात भीती जास्त दिसते. माझं चुकतही असेल, मी त्यांना भेटलेले नाही. पण तूही त्यांना विचारलेलं नाहीस, त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ तूच लावलायस, म्हणून आधी ते विचार. आणि विचारताना “तुम्हाला लाज वाटते का” असं नको, “तुम्हाला लाथ कशी बसली होती, तेव्हा तुम्ही कुठे उभे होता” असं विचार. त्यावर ते बोलतील असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरं, हे जरा सविस्तर सांगते कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. बाबांनी ३१ वर्षं काय केलं हे तुला खरंच माहितीय का? “पाय चोळणे” हे दोन शब्द तू त्यांच्याच तोंडून घेतलेस आणि त्यांनी जितकी किंमत केली तितकीच तूही केलीस. माझे एक मामा घोड्यांच्या कामात होते, जुन्या मराठीत त्याला मोतद्दार म्हणायचे, मी लहानपणी त्यांना संध्याकाळी काम करताना बघितलंय. खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं, झालं की मामा घोड्याच्या पुढच्या पायापाशी उकिडवे बसायचे, गुडघा कधीच जमिनीला टेकायचा नाही, कारण घोडा बिचकला तर उकिडव्या माणसाला मागे सरता येतं, गुडघे टेकलेल्याला येत नाही. मग एक हात नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाच्या, मागून खाली, सावकाश, खुरापर्यंत. लगेच तोच हात दुसऱ्या पायावर, तसाच. मी विचारलं काय बघता, तर म्हणाले, “कुठला गरम लागतो ते.” बस एवढंच.

त्या ‘एवढंच’मध्ये काय आहे ते तुला अॅनाटॉमी शिकलेल्या मुलीला लगेच कळेल. घोड्याच्या पुढच्या पायाचा आपण ज्याला गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट, आणि त्याच्या खाली स्नायू जवळजवळ नाहीतच, नुसती हाडं, शिरा, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि लिगामेंट, आणि ते अख्खं जनावर प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभं असतं. पळताना सगळा ताण मागच्या बाजूच्या त्या कंडरांवर येतो. कंडरा दुखावायला लागली की घोडा लंगडायच्याही आधी तिथे थोडी ऊब येते, थोडा फुगीरपणा येतो, आणि ते पहिल्यांदा कोणाला कळतं तर रोज त्याच पायावरून हात फिरवणाऱ्याला, कारण कालचा पाय कसा लागला होता हे त्याच्या हाताला माहीत असतं. दिवसभर ठाणावर उभ्या राहिलेल्या घोड्याचे पाय खाली भरतात, चालवलं की उतरतात, ती सूज कुठली आणि दुखापतीची कुठली हा फरकसुद्धा असाच कळतो. दीड लाखांच्या कोर्समध्ये व्हिडिओ असतील, आकृत्या असतील, पण रोज संध्याकाळी खरा पाय हाताखाली मिळणार नाही. तुझ्या घरात ज्या माणसाच्या हातात हे ३१ वर्षांचं साठलंय त्याच्याशी या विषयावरची तुझी बोलाचाल बंद आहे, आणि मला या सगळ्या पत्रातलं सगळ्यात मोठं नुकसान हे वाटतं.

आता “प्राणी खोटं बोलत नाहीत” या वाक्याबद्दल. बोलत नाहीत खरं, पण लपवतात. घोडा हा मुळात दुसऱ्याचं भक्ष्य असलेला प्राणी, दुखणं दाखवलं तर मेलो हे त्याच्या रक्तात आहे. कुत्रंसुद्धा घरी लंगडतं आणि डॉक्टरकडे नेलं की टेबलावर शेपटी हलवत चार पायांवर ठणठणीत उभं राहतं. (म्हणून सगळ्याच वाचकांना सांगते, घरी चालतानाचा, उठतानाचा, जिने चढतानाचा व्हिडिओ काढून न्या, फार उपयोग होतो.) तुझा माणूस पेशंट निदान “इथे दुखतंय” म्हणतो. इथे तुला ते कान, डोळे, ओठ, कातडी यांच्यावरून वाचावं लागेल. घोड्याला अंगावर बसलेली माशी कळते, कातडी थरथरवून तो ती उडवतो, मग तुझा अंगठा जास्त दाबला गेला तर त्याला किती कळेल बघ. आवडलं तर मान खाली येते, खालचा ओठ सैल सुटतो, चघळल्यासारखं करतो. नाही आवडलं तर कान मागे जातात, आणि त्याच्या पुढचं काय ते बाबा सांगतील.

आणि माणसांपासून सुटका होईल हे तर डोक्यातून काढूनच टाक. कुत्रं एकटं येत नाही ना तुझ्याकडे. व्यायाम कोण करून घेणार, वजन कोण कमी करणार, घरातल्या गुळगुळीत लाद्यांवर मॅट कोण टाकणार, सगळं मालकच. तेही करणार नाहीत आणि तेही विचारतील फरक का नाही. घोड्याच्या बाबतीत तर मालक, ट्रेनर, जॉकी, व्हेट, सईस एवढी माणसं एका जनावरामागे असतात. तर तू माणसांना कंटाळलीयस की रोज पंधरा-पंधरा मिनिटांत पेशंट उरकायला लावणाऱ्या नोकरीला कंटाळलीयस, हे शांतपणे बघ. दुसरं असेल तर त्याचा इलाज वेगळा आहे, कदाचित फक्त क्लिनिक बदलणं पुरेल.

आता कायद्याचं, हे तुझ्या पत्रात कुठेच नव्हतं आणि ते नव्हतं म्हणून मला काळजी वाटली. तुझं रजिस्ट्रेशन महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचं, ते माणसांसाठी. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ च्या कलम ३० प्रमाणे प्राण्यांवर वैद्यकीय उपचार करायचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे, किरकोळ सेवांची सूट आहे तीसुद्धा ठरावीक डिप्लोमा-सर्टिफिकेटवाल्यांना सरकारच्या आदेशाने आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. म्हणजे परदेशी ऑनलाइन सर्टिफिकेट भिंतीवर लावून तू “याला हिप डिसप्लेसिया आहे, म्हणजे खुब्याचा सांधा नीट बसलेला नाही, दहा सेशन घ्या” असं सांगायला लागलीस तर ते चुकीचं होईल. ब्रिटनमध्येसुद्धा, जिथे प्राण्यांची फिजिओथेरपी चांगली रुळलीय, तिथेही २०१५ च्या नियमाप्रमाणे पशुवैद्यकाने आधी बघून पाठवल्याशिवाय फिजिओ दुखण्यावर उपचार करत नाही. हे कागदी अडथळे आहेत असं समजू नकोस, त्यामागे कारण आहे, आणि ते कारण मी स्वतः भोगलंय.

माझी कुत्री चिंगी, साधी देशी, नऊ वर्षांची होती तेव्हा. एका पावसाळ्यात मागच्या पायांनी आखडून चालायला लागली. मला वाटलं वय झालं, गारठा आहे, सांधे धरलेत. मी आठ दिवस रोज रात्री कोमट तिळाचं तेल लावून तिला मालिश केली, जीव लावून केली. नवव्या दिवशी ती उताणी झोपलेली असताना पोटावर बारीक लाल ठिपके दिसले, मोहरीएवढे. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, पांढरट, रक्त तपासलं, गोचिडताप निघाला आणि प्लेटलेट पार खाली. सांधे त्यामुळे दुखत होते. प्लेटलेट कमी असताना जिथे दाबाल तिथे आत रक्त उतरतं, म्हणजे मी आठ दिवस प्रेमाने तिला अपायच करत होते. औषधांनी बरी झाली, पण ते ठिपके मला अजून दिसतात. माझ्यासारखं इतर कोणाचं होऊ नये, म्हणून हा विषय आला की मी पहिलं हेच सांगते: लंगडणं हे लक्षण आहे, आजार नाही. गोचिडताप असेल, मणक्याची गादी सरकली असेल, लिगामेंट तुटलं असेल, मोठ्या जातीच्या कुत्र्यात हाडाचा कॅन्सरही असू शकतो. आधी निदान, मग हात. तुझ्या रविवारच्या चार कुत्र्यांपैकी किती जणांना व्हेटने बघून पाठवलंय? नसेल तर या रविवारी नुसती मालकांशी बोल, डॉक्टरांचे कागद माग, मसाज पुढच्या रविवारी.

घोड्यांचं आणखी एक. तुझ्या बॅगेत दुखण्याची जेलं, बाम असणार, सवयीने हात तिकडे जाईल. रेसच्या किंवा स्पर्धेच्या घोड्याला ट्रेनर आणि व्हेटला विचारल्याशिवाय काहीही लावायचं नाही. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये चार घोडे कॅप्सेसिन सापडलं म्हणून बाद झाले, मिरचीतला तिखट भाग असतो ना तेच, मलमांमध्ये असतं. नॉर्वेच्या टीमचं ब्राँझ मेडल त्यात गेलं. एका मलमाने बाबांच्या ओळखीतल्या एखाद्या सईसची नोकरी जाईल. आणि कुत्र्याला डायक्लोफिनॅकचं जेल तर अजिबात नको, तो चाटणार, आणि त्याने पोटात अल्सर होतात, किडनीवर जातं. हेच औषध दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन आपल्याकडची गिधाडं संपत आली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली, एवढं ते जालीम आहे.

मग करू नकोस का? असं मी म्हणत नाहीये. उलट मला वाटतं तुझ्यासारख्या माणसाची गरज आहे, जिला लिगामेंटच्या ऑपरेशननंतर स्नायू किती झपाट्याने वाळतो आणि तो परत कसा आणायचा हे माहितीय, जिला सांध्याचा कोन मोजता येतो, जी एका दिवसात चमत्कार सांगत नाही. फक्त वाट वेगळी घे. नोकरी आत्ता सोडू नकोस. अर्धवेळ होते का विचार. परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे, आपण सगळे त्याच नावाने ओळखतो, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, आणि त्याच आवारात १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. तिथे जाऊन रीतसर अर्ज करून निरीक्षणाला उभं राहता येईल का बघ, महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांचं हॉस्पिटल झालंय तिथेही विचार. नाही म्हणाले तर तुझ्या भागातला एखादा खासगी व्हेट धर, ज्याच्याकडे ऑर्थोच्या केसेस जास्त येतात, आणि त्याला सांग की तुमच्या पाठवलेल्या केसेसच मी घेईन आणि दर आठवड्याला रिपोर्ट देईन. तीन-चार डॉक्टरांनी असं पाठवायला सुरुवात केली की तुझं काम उभं राहिलं समज.

कोर्सबद्दल म्हणशील तर सहा आठवडे नुसता ऑनलाइन हा माझ्या मते दीड लाखांच्या लायकीचा नाही, जिथे प्रत्यक्ष जनावरावर कोणी तुझा हात धरून “इथे नाही, इथे” असं शिकवत नाही. अमेरिकेत टेनेसी युनिव्हर्सिटीचा कुत्र्यांच्या रिहॅबचा कोर्स आहे त्यात व्हेटबरोबर फिजिओथेरपिस्टनाही घेतात आणि प्रत्यक्ष प्रॅक्टिकल करावं लागतं. महाग आहे, पण पैसे साठवायचेच तर अशासाठी साठव. आणि तो केलास तरी इथला कायदा तोच राहतो, हे धरून चाल.

पैशाचा हिशेबही स्वच्छ डोक्याने कर. मुंबईत पोट भरेल ते कुत्र्यांवर. व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाड्या, तर २०१५ च्या हायकोर्टाच्या निकालानंतर गेल्याच, रेसचे घोडे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल महालक्ष्मीला असतात आणि पावसाळ्यात पुण्याचा सीझन, आणि पागेतल्या घोड्याला बाहेरच्या माणसाचा हात लागू देणं ही ट्रेनरच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. तिथे सर्टिफिकेटपेक्षा “ही अमक्याची मुलगी” हे जास्त चालेल. बघ, परत बाबांपाशीच आलो आपण.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं, कारण “म्हाताऱ्या कुत्र्याला मालिश करू का” अशी पत्रं मला नेहमी येतात. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं असेल तर जरूर करा. तेल नको, ते चाटतात आणि पावसाळ्यात कातडीला बुरशी धरते. फिरवून आणल्यावर, मॅटवर, पूर्ण पंजाने, केसांच्या दिशेने, आपल्या हाताचं वजन पडेल एवढाच दाब, दहा मिनिटं पुरे. मागचे पाय दुखत असले तरी सुरुवात मान आणि खांद्यापासून करा, कारण कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन मुळातच पुढच्या पायांवर असतं आणि मागे दुखलं की तो आणखी पुढे झुकतो, त्यामुळे खांदे दगडासारखे होतात. मणक्याच्या हाडावर दाबायचं नाही, बाजूच्या मांसावरून हात फिरवायचा. तो मान वळवून तुमच्या हाताकडे बघतो, ओठ चाटतो, जांभई देतो, उठून जातो, तर थांबायचं, मागे लागायचं नाही. ताप, गाठ, ताजी सूज, जखम असेल तर हात लावायचाच नाही. डॅशहाउंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याचे मागचे पाय अचानक गेले तर मालिश करत बसू नका, उचलून सरळ दवाखान्यात, तिथे तासांचा हिशेब असतो. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तर चुकूनही नाही.

आणि मालिशपेक्षा जास्त फरक वजनाने पडतो. ४८ लॅब्रेडॉरवर १४ वर्षं अभ्यास झाला होता, २००२ मध्ये तो छापून आला, ज्यांना पाव हिस्सा कमी खायला दिलं ते बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांध्यांची औषधंही उशिरा लागली. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. चहाबरोबरचं बिस्किट, पोळीचा शेवटचा तुकडा, आजीने गुपचूप दिलेला भात, सगळं मोजा. आणि घरातल्या चकचकीत लाद्यांवर तो जिथे उठतो आणि जिथून दाराकडे जातो तेवढ्या वाटेवर जुन्या योगा मॅट टाका, यात खर्च काहीच नाही.

तर तुला, बाळा. बाबांचं ऐकू की मनाचं असं तू विचारलंस, मला त्या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत अजून, कारण बाबांनी काही सांगितलेलंच नाहीये, एक वाक्य टाकलंय फक्त. एका रविवारी कुत्री यायच्या आधी त्यांच्यासमोर चहा ठेव आणि त्यांना म्हण, मला गरम पाय कसा ओळखायचा ते शिकवा. काकूंचा लॅब्रेडॉर आला की त्यांचाच हात त्याच्या पायावर ठेवायला लाव, दोघं मिळून बघा. आणि पुढे कधी ते तुला त्यांच्या जुन्या पागेत घेऊन गेले, मालकांची परवानगी काढून, तर ते उभं राहायला सांगतील तिथेच उभी राहा, घोड्याच्या मागून जाऊ नकोस, केस बांधून जा, ओढणी नको, आणि पायात चप्पल नको, चांगले जाड बूट घाल.